जिन्याच्या वळणावर

१२ ऑक्टोबर, सोमवार
सकाळी साडेदहा

तीर्थरूप बाबांना,

साष्टांग नमस्कार. तो मनातल्या मनात घातला आहे, कारण आज मला वाकता येत नाही आणि वाकले तर परत उठता येईल याची खात्री नाही. का ते पुढे सांगते. घाबरण्यासारखं काही नाही.

ताईंचा गुरुवारी फोन आला होता. म्हणाल्या, तुम्ही सकाळचं फिरणं पुन्हा सुरू केलंत आणि आता त्यांच्याच मागे लागलाय की तूही चल. बरं वाटलं. चष्मा पोचला असेल. डाव्या डोळ्याचा नंबर थोडा वाढला होता, त्यामुळे पहिले चार दिवस पायरी उतरताना जपून. दांडी कानामागे टोचली तर मला कळवा, स्वतः पकड घेऊन वाकवायला बसू नका. मागच्या फ्रेमचं तुम्ही काय केलंत ते मी दुकानात सगळ्यांना दाखवलं होतं.

आज मी रजेवर आहे. हात चालत नाहीत असं कळवलं आणि ते अगदी खरं आहे. चष्म्याचा स्क्रू चिमटीत धरला की बोटं थरथरतात. हे पेनसुद्धा लहान मुलांसारखं मुठीत धरलंय, म्हणून अक्षर असं आलंय.

तर बाबा, तुम्हाला न सांगितलेली एक गोष्ट आहे. जूनपासून मी इथल्या स्वयंसेवी अग्निशमन पथकात जाते. दलात पगारी माणसं थोडी आहेत, मोठी आग लागली की ती पुरत नाहीत, म्हणून गावातल्या लोकांना शिकवून तयार ठेवतात. दर शनिवारी सराव असतो. ताईंना मी ‘व्यायामाला जाते’ असं सांगितलं होतं. तेही अगदीच खोटं नाही, कारण तीस किलोचा साज अंगावर चढवून तीन मजले चढणं याला दुसरं काय म्हणायचं. बेचाळिसाव्या वर्षी हे काय खूळ काढलंस, असं तुम्ही विचाराल. काहीतरी नवीन करावंसं वाटलं. दुकानात दिवसभर बसून पाठ आखडते.

परवाचा शनिवार मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही.

सकाळी सातला आम्ही आठ जण मैदानावर होतो. आमच्या प्रशिक्षक बाई अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत, दलातून निवृत्त झालेल्या. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा. त्या फार बोलत नाहीत. आम्हाला त्यांनी मालवाहू ट्रकवर असते तसल्या एका लोखंडी पेटीत नेलं. आम्ही पूर्ण कपड्यांत, तोंडावर मुखवटा, पाठीवर हवेची टाकी. जमिनीवर रांगेत बसवलं आणि पलीकडच्या टोकाला लाकडाच्या फळ्या रचून पेटवल्या. म्हणाल्या, “आज काही करायचं नाही. आज फक्त बघायचं.”

आधी नुसता धूर. तो वर जाऊन छताला चिकटला आणि हळूहळू खाली उतरायला लागला, जणू कोणी छतच खाली सोडतंय. मग त्या धुराच्या पोटात एक पिवळी रेघ फिरली. मग दुसरी. आणि मग बाबा, आग छतावरून वाहायला लागली. आमच्या डोक्यावरून, एक हात अंतरावरून, नदी उलटी करून टांगावी तशी ती दाराच्या दिशेने वाहत होती. आवाज मोठा नव्हता. मोठी चादर कोणी झटकत राहावी तेवढाच. मला माझा स्वतःचा श्वास ऐकू येत होता आणि वाटत होतं, हा श्वास घेण्याचा आपल्याला काय अधिकार आहे. इतकं सुंदर आणि इतकं भयंकर मी एकाच वेळी कधी पाहिलं नव्हतं. पळून जावंसं वाटायला हवं होतं, तर मला हात वर करून तिला शिवावंसं वाटत होतं.

शिट्टीबाईंनी पाण्याचा एक बारीक फवारा वर मारला, दोन सेकंद, जास्त नाही. आणि ती एवढी मोठी आग मागे सरली. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, “तिच्याशी भांडायचं नसतं. तिला थंड करायचं असतं.” आमच्यात एक दातांचा डॉक्टर आहे, तोंड एक मिनिट बंद ठेवत नाही, तोसुद्धा हेल्मेट मांडीवर घेऊन गवतात गप्प बसून राहिला.

त्यानंतर शोधाचा सराव होता. मैदानाच्या कडेला सरावासाठी बांधलेली एक तीन मजली इमारत आहे. आत खिडक्या बंद करून धूर सोडतात, नाटकात सोडतात तसला, अपाय न करणारा. पण दिसत काहीच नाही. आत कुठेतरी पंचाहत्तर किलोचा बाहुला ठेवलेला असतो, तो शोधून बाहेर आणायचा. माझा नंबर आला तेव्हा बाहुला जिन्यात होता, दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर. मला तो हाताला लागला. आणि मग मला जमलं नाही. मी रिकाम्या हाताने बाहेर आले. आत गरम होत होतं, मुखवट्यात घाम डोळ्यांत गेला होता. असो.

शिट्टीबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “जेवून घे. दुपारी पुन्हा जायचंय.”

दुपारी बाहुल्याच्या खांद्याची शिवण उसवली. तेव्हा आमच्यातला एक जण म्हणाला, मी पडतो त्याच्या जागी. याच्याबद्दल थोडं सांगायला हवं. तो बांधकामावरची उंच क्रेन चालवतो. आम्ही त्याला क्रेनवाला म्हणतो. दिवसभर चाळीस मजल्यांच्या उंचीवर एका काचेच्या खोक्यात बसून खालच्या माणसांचे हातवारे बघत आठ टनांच्या तुळया जागेवर ठेवतो. इतक्या उंचावर काम करणारा माणूस डोळ्यांसमोर आणा आणि मग त्याची उंची निम्मी करा. माझ्यापेक्षा दोन बोटं बुटका आहे आणि वजन अठ्ठ्याऐंशी.

“डोकं आपटणार नाही ना माझं?” त्याने विचारलं.

“हेल्मेट आहे,” शिट्टीबाई म्हणाल्या. “आणि तुमच्या डोक्याचं काम वरती लागतं, खाली नाही.”

मग त्यांनी मला बाजूला घेतलं आणि एकच गोष्ट शिकवली. सकाळी सगळ्यांना सांगितली होती, पण माझ्या डोक्यात शिरली नव्हती. त्याच्या मागे बसायचं. काखांखालून हात घालायचे. त्याचाच एक हात त्याच्या छातीवर आडवा ठेवून तो दोन्ही हातांनी धरायचा. मग त्याला आपल्या मांडीवर रेलवून घ्यायचं आणि मागे मागे जायचं. “हात फक्त धरायला,” त्या म्हणाल्या. “न्यायचं काम पायांचं. उचलायला जाऊ नकोस, कोणालाच उचलता येत नाही.”

आणि बाबा, तो आला. अठ्ठ्याऐंशी किलोचा माणूस माझ्याबरोबर सरकत आला. धुरात काही दिसत नव्हतं, टाचेने पायरीची कड चाचपायची, एक पायरी उतरायची, त्याला टेकू द्यायचं, मग पुढची. बावीस पायऱ्या. मी मोजल्या. खाली उजेडात आल्यावर मी मागे वळून त्या दाराकडे बघितलं आणि माझाच विश्वास बसेना. चार मिनिटं लागली होती.

मग थोडा वेळ गवतावर बसले. क्रेनवाला शेजारी येऊन बसला. मग सगळे घरी गेलो.

आता रविवारचं. हे लिहायला मला जरा भीती वाटते. मी वजन उचलण्याची स्पर्धा बघायला गेले होते. तुम्ही पंचाचा निळा कोट कपाटात ठेवून दिलात त्याला चार वर्षं झाली, आणि त्यानंतर आपल्या घरात कोणी या खेळाचं नाव काढलं नाही. तुम्हाला विचारून जायला हवं होतं. पण क्रेनवाल्याची धाकटी बहीण त्यात उतरली होती. ती छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर काम करते आणि पहाटे उठून सराव करते. आईवडील गेल्यावर याने तिला वाढवलं, म्हणून त्याचं लग्नबिग्न राहून गेलं. तो म्हणाला, मला एकट्याला बघवत नाही, कोणीतरी शेजारी बसायला हवं.

टीव्हीवर मी तुमच्या शेजारी बसून इतक्या स्पर्धा बघितल्या, पण टीव्हीवर ती शांतता ऐकू येत नाही, हे तुम्ही मला कधी का सांगितलं नाहीत? शाळेचं साधं क्रीडागृह. लाकडी चौथरा, हाताला लावायची पांढरी पूड, चारशे माणसं. कोणी खोकत होतं, कोणाचं पोर रडत होतं, आणि खेळाडूने वाकून बारला हात लावला की सगळं बंद. चारशे माणसं एकदम श्वास धरतात. शनिवारच्या त्या लोखंडी पेटीत आम्ही आठ जण बसलो होतो, तसंच.

बहीण चौसष्ट किलोच्या गटात. पहिला भाग चांगला गेला. दुसऱ्या भागात, जिथे बार आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर न्यायचा असतो, तिथे तिने एकशे चार मागितले. पहिली उचल फसली. दुसरी पण फसली, बार मांडीपर्यंत आला आणि धाडकन खाली. आता एकच राहिली होती आणि मध्ये दुसरं कोणी उचलणारं नव्हतं, म्हणून घड्याळात दोन मिनिटं लागली. ती त्यातलं दीड मिनिट नुसती खुर्चीत बसून होती. मी क्रेनवाल्याकडे बघितलं तर तो खाली मान घालून स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

ती आली. वाकली. बार वर आला, ती त्याच्याखाली बसली, आणि तिथेच अडकली. खाली उकिडवी, बार गळ्याशी, चेहरा लालबुंद. एक सेकंद, दोन, तीन. मला वाटलं, संपलं. आणि मग, कशी ते मला सांगता येणार नाही, ती उठायला लागली. झाड वाढताना दिसलं असतं तर असंच दिसलं असतं. उभी राहिली. दम घेतला. आणि एका झटक्यात तो बार डोक्यावर. मी तुम्ही शिकवलं तसं बारकडे बघितलंच नाही, तिच्या कोपरांकडे बघत होते, ती वाकली की उचल बाद. सरळ होती बाबा, पट्टीसारखी सरळ. गुडघे थरथरत होते पण कोपरं नाहीत. बार वर असतानाच ती हसली. तीन पांढरे दिवे, तिन्ही पंचांना उचल मान्य.

लोक उठून उभे राहिले. क्रेनवाला अजून बुटांकडेच बघत होता. “झालं का?” त्याने विचारलं.

“झालं,” मी म्हणाले. “तीन पांढरे.”

मग त्याने वर बघितलं, तोवर ती बार सोडून चौथऱ्यावरून उतरली होती. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. आठ टन हवेत झुलवणारा माणूस.

नंतर बाहेरच्या व्हरांड्यात, चहाच्या यंत्रापाशी उभे असताना तो म्हणाला, “एकट्याने जेवायचा मला कंटाळा आलाय. पण म्हणून विचारत नाही. कंटाळा दहा वर्षं आहे. तुम्ही आहात म्हणून विचारतोय.”

मी त्याला सांगितलं, बाबांना विचारल्याशिवाय मी काही उत्तर देणार नाही.

तर हे विचारायला पत्र लिहिते आहे.

दुपारी अडीच

जेवून आले. वरचं सगळं एकदा वाचलं. पाकीटही घेतलं होतं हातात. पण हे असं पाठवलं तर मी तुम्हाला पुन्हा एकदा फसवीन, म्हणून पुढे लिहिते.

पहिली गोष्ट. मी त्याला उत्तर दिलेलं आहे. तिथेच, चहाचा पेला हातात असतानाच हो म्हणाले. त्याचं वाक्य संपायच्या आधीच म्हणाले असेन. तुम्हाला विचारायचं वगैरे मी आज सकाळी हे पत्र लिहिताना शोधून काढलं, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल.

दुसरी गोष्ट सांगायला मला चार वर्षं लागली.

हे गेले त्या दिवशी तुम्ही रुग्णालयात आलात आणि मला पहिला प्रश्न विचारलात, “त्याला त्रास झाला का?” मी म्हणाले, नाही बाबा, एका क्षणात गेले. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. तेव्हापासून दर वेळी तुम्ही फोनवर म्हणता, निदान त्याला कळलं तरी नाही. आणि मी हो म्हणते. मागच्याच महिन्यात तुम्ही विचारलंत, काही बोलला होता का ग, शेवटचं काही? मी म्हणाले, वेळच कुठे मिळाला.

वेळ मिळाला होता. अकरा मिनिटं.

सकाळपासून त्यांना बरं वाटत नव्हतं. डॉक्टरांकडे जायला आम्ही घराबाहेर पडलो तेव्हा बारा पस्तीस झाले होते. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर ते खाली बसले आणि मग आडवे झाले. माझा फोन वर चार्जिंगला राहिला होता. सगळे शेजारी कामावर. मला वाटलं, कसंही करून यांना खाली गाडीपर्यंत न्यायचं. मी त्यांचे दंड धरून ओढायला लागले. ब्याण्णव किलो. मी ओढत राहिले, हाका मारत राहिले, पुन्हा ओढत राहिले. दोन पायऱ्या सरकले ते, फक्त दोन. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की वर जाऊन फोन करायला हवा. फोनमध्ये ती वेळ अजून आहे, बारा बेचाळीस. सात मिनिटं मी नुसती ओढण्यात घालवली. परत खाली आले तेव्हा ते शुद्धीवर होते. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले, अजून चार मिनिटं. रुग्णवाहिका आली तेव्हा ते गेले होते.

डॉक्टर मला म्हणाले, आधी फोन केला असता तरी फरक पडला नसता. पण ते सगळ्यांनाच असं सांगत असतील.

म्हणून मी पथकात गेले. पाठ आखडते म्हणून नाही. आणि म्हणून शनिवारी सकाळी त्या धुरात वळणावर पडलेल्या बाहुल्याला हात लागला तेव्हा मी त्याचे दंड धरून बसून राहिले, ओढलंसुद्धा नाही. दुपारी क्रेनवाल्याला बाहेर आणलं आणि कळलं, हे येणारं काम होतं. कोणी पाच मिनिटं शिकवलं असतं तर मला तेव्हाही आलं असतं. गवतावर बसून मी इतकी रडले की शिट्टीबाईंनी बाकीच्यांना शिट्टी मारून लांब नेलं. क्रेनवाला शेजारी बसला आणि त्याला मी सगळं सांगितलं. तुमच्या आधी त्याला सांगितलं, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. तो काही समजूत घालायला गेला नाही. फक्त म्हणाला, “हे त्यांच्या वडिलांना माहीत नाही?” मी म्हणाले, नाही. तो म्हणाला, “मग ते अजून चुकीच्या जागी उभे आहेत. वरून मला दिसतं असं कधी कधी. खालच्या माणसाला वाटतं, आपण बरोबर उभे आहोत.”

आता शेवटचं. हे लपवलं त्याची मी माफी मागू शकत नाही, एवढं ते मोठं आहे.

मी ओढत होते तेव्हा ते हसले होते. दम नव्हता तरी हसले आणि म्हणाले, “कोपर वाकतंय तुझं.” तुम्हाला त्यांची चेष्टा करायची सवय माहीत आहे. मी लक्ष दिलं नाही. पण फोन करून खाली आल्यावर, डोकं मांडीवर असताना, ते पुन्हा म्हणाले. या वेळी हसत नव्हते. म्हणाले, “बाबांना सांग, माझंही वाकलं होतं. मला तेव्हाच कळलं होतं.”

तुम्ही एकदा माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलाचा पाय बसवत होतात, आठवतं? आठ वर्षं झाली असतील. तेव्हा तुम्ही मला ते सांगितलंत, आपणहून. ते एकोणीस वर्षांचे होते, जिल्ह्याची स्पर्धा, पंच कमी पडले म्हणून तुम्हाला बसावं लागलं. त्यांची शेवटची उचल. बार वर गेला आणि तिन्ही दिवे एकदम लागले, एक पांढरा, दोन लाल. त्यातला एक लाल तुमचा. त्यानंतर त्यांनी बारला कधी हात लावला नाही. तुम्ही स्टूल सरळ करून म्हणालात, “पोरी, मला कोपर वाकलेलं दिसलं होतं. पण अजूनही कधी कधी वाटतं, खरंच दिसलं होतं का? की आपल्या मुलाला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये म्हणून मी लाल दाबला?”

तुम्हाला नीट दिसलं होतं, बाबा. तो निकाल बरोबर होता आणि तुमच्या मुलाला तो त्याच क्षणी मान्य होता. त्यांनी हे तुमच्यासाठी माझ्याजवळ दिलं होतं, आणि मी ते चार वर्षं ठेवून घेतलं, कारण ते तुम्हाला द्यायचं तर आधी सांगावं लागलं असतं की बोलण्याइतका वेळ त्यांना मिळाला होता. माझी सात मिनिटं झाकायला मी तुमची अठ्ठावीस वर्षांची बोच तशीच राहू दिली.

त्यांना त्रास झाला का, हे आता तुम्ही पुन्हा विचाराल. झाला. पण ते घाबरले नव्हते. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तसलं लिहिणं आजपासून बंद.

लग्न डिसेंबरात करायचं म्हणतो आहोत, नोंदणी कार्यालयात, चार माणसांत. मी तुमची परवानगी मागत नाही, कारण नाही म्हणालात तरी मी करणार आहे. पण तुम्ही त्याला एकदा बघावं असं फार वाटतं. तो आता खाली फाटकाशी उभा आहे. आज त्याचं काम लवकर सुटलं, वर वारा फार होता. मी खिडकीतून वर ये म्हटलं तर म्हणाला, आधी पत्र टाकून येऊ.

पत्राच्या शेवटी मी नेहमी ‘आपली आज्ञाधारक सून’ लिहिते. आज आज्ञाधारक लिहिलं तर तेही खोटंच होईल. आणि सून लिहायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

आपली,


२९ ऑक्टोबर, गुरुवार

तीर्थरूप बाबांना,

साष्टांग नमस्कार, या वेळी खरोखरीचा.

सोळा दिवस मी रोज टपालपेटी उघडत होते. ताईंना दोनदा फोन केला, त्या म्हणाल्या, बाबा कोणाशी फारसं बोलत नाहीत, आणि काय झालं ते सांगतही नाहीत. मी त्यांनाही सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मला आधी सांगायला हवं होतंस. बरोबर आहे त्यांचं, त्यांचा सख्खा भाऊ गेला होता. त्या अजून रागावलेल्या आहेत. मी वाट बघेन.

काल तुमचं कार्ड आलं. ते मी इतक्या वेळा वाचलंय की मला पाठ झालंय. “दोन आठवडे तुझ्यावर रागावून होतो. आज थोडा कमी आहे. अकरा मिनिटं तो एकटा नव्हता, हे मला आधी माहीत नव्हतं. शनिवारच्या गाडीने येतो, मला ते जिन्यातलं वळण बघायचं आहे. त्या क्रेनवाल्यालाही बघू, पण रविवारी.”

बाबा, ते एकटे नव्हते हे मला चार वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. मी माझी सात मिनिटं मोजत बसले होते. तुमचं कार्ड हातात घेऊन मी काल जिन्यात जाऊन त्या पायरीवर बसले. भर दुपारी, लोक येत-जात होते, खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, किल्ली विसरलात का? मी म्हणाले, नाही, बसलेय जरा. तिथे वरच्या झरोक्यातून ऊन येतं, हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मी तिथून खाली मान घालून पळत होते.

शनिवारचा सराव मी सांगून टाळला आहे. शिट्टीबाई म्हणाल्या, “वडील येत असतील तर येऊ नकोस, आलीस तर हाकलीन.” गाडी साडेअकराला पोचते. मी फलाटावर तुमच्या डब्यासमोर असेन. सामान कमी आणा आणि आणलंत तरी उचलू नका, मी आहे.

जिन्यात तुम्हाला एकटं बसायचं असेल तर मी वर घरात थांबेन, दार उघडं ठेवून. सोबत हवी असेल तर शेजारी बसेन. विचाराल तेवढं सांगेन, आणि काही विचारलं नाहीत तरी चालेल.

वाट पाहणारी,
तुमची सून